‘बघू’ म्हणणाऱ्या दादाचा टाइप कोणता?

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 29. जुन्या पेठेत घरचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे: वायर, पंखे, स्विच, पाण्याच्या मोटारी. वडील 2016 मध्ये गेले, तेव्हापासून दुकान थोरल्या भावाच्या खांद्यावर. तो यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. पत्रलेखक पुण्यात पाच वर्षं नोकरी करून 2022 मध्ये परतले आणि दुकानात बसू लागले. विश्रामबागच्या बाजूला नव्या धर्तीच्या दिव्यांचं आणि मोबाइलवरून चालणाऱ्या स्विचचं शोरूम काढावं, अशी त्यांची इच्छा आहे. 18 लाखांचं कर्ज लागेल. आठ महिन्यांत तीनदा लॅपटॉपवर आकडे मांडून विषय काढला, तिन्ही वेळा दादा म्हणाला, ‘बघू.’

पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘एका मित्रानं स्वभाव चार अक्षरांत सांगणारी, मायर्स-ब्रिग्ज धाटणीची व्यक्तिमत्त्वाची चाचणी पाठवली. माझा टाइप आला ईएनएफपी. दादाच्या वतीनं मीच उत्तरं भरली, त्याचा आला आयएसटीजे. चारही अक्षरं उलटी! मी बहिर्मुख, कल्पनेत रमणारा, मनानं ठरवणारा, मोकळा; तो अंतर्मुख, तपशील पाहणारा, डोक्यानं ठरवणारा, आखून चालणारा. वर्णन वाचून अंगावर काटा आला, हुबेहूब दादा. नियमाला धरून चालणारा, तपशिलात अडकणारा, बदल नको असणारा. पावसाळ्यात रोज सकाळी कोयनेचा विसर्ग वहीत लिहितो. दुकान रंगवलं तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू दिली नाही, तेवढा पट्टा जुन्या रंगातच ठेवला, इतका हट्टी. तांब्याचा भाव उतरला की मात्र पाच मिनिटांत माल उचलतो, मला विचारतही नाही. (2019 ला पुरात दुकानात पाणी आलं होतं, मी तेव्हा पुण्यात होतो.) तो डोक्यानं ठरवतो, मी मनानं. हिशोब माझा प्रांत नाही, ते टाइपमध्येच आहे. एका तक्त्यात हे दोन टाइप एकत्र काम करायला सगळ्यात वाईट असं दिलंय. मग भांडण होण्याआधीच वाटणी करून मोकळं व्हावं का? की दादाला बदलता येईल?’

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची घुसमट जाणवली आणि ती खरी आहे. 29 वर्षांच्या माणसानं आठ महिने एका ‘बघू’वर काढायचे म्हणजे गंमत नाही. पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. दादांची चाचणी दादांनी दिलेलीच नाही. प्रश्न तुम्ही वाचलेत आणि दादा काय म्हणतील तेही तुम्हीच ठरवलंत. मग आलेली अक्षरं दादांची कशी? तुमच्या मनात दादांचं जे चित्र होतं ते तुम्ही एका बाजूनं आत घातलंत, दुसऱ्या बाजूनं तेच नाव लावून बाहेर आलं. ते हुबेहूब वाटणारच.

आणि दादांनी स्वतः उत्तरं दिली असती तरी वर्णन वाचून तुम्हाला काटा आला असता, अशी दाट शक्यता आहे. 1949 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. 39 विद्यार्थ्यांकडून व्यक्तिमत्त्वाची चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला त्याचा ‘खास’ निष्कर्ष दिला. किती जुळतो त्याला पाचपैकी गुण द्या, म्हणून सांगितलं. सरासरी आली 4.26. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच कागद होता आणि त्यातली वाक्यं बहुतेक भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही वरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ या चालीची वाक्यं कोणाला लागू पडत नाहीत?

ही चार अक्षरं आली कुठून तेही सांगते, कारण त्या गोष्टीत तुमच्या घराशी जुळणारं काहीतरी आहे. स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग यांनी 1921 मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे आपले आता रोजचे झालेले शब्द त्यातूनच पसरले. त्याच्याही आधी अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाई स्वतःच्या हौसेनं माणसांच्या स्वभावाच्या नोंदी करत होत्या. त्यांची मुलगी इझाबेल हिनं लग्नासाठी जो मुलगा निवडला तो घरातल्या सगळ्यांपेक्षा फार वेगळ्या तऱ्हेनं विचार करणारा होता. हा असा का वागतो, हे कोडं बाईंना पडलं. पुढे युंग वाचल्यावर त्यांना आपल्या नोंदींना आधार सापडला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बांधायला घेतली. तीच मायर्स-ब्रिग्ज चाचणी. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. पण हेतू बघा: घरातलं एक माणूस कळत नाही, ते कळावं. इझाबेल यांचं म्हणणंच असं होतं की वेगवेगळ्या प्रकृतीच्या माणसांकडे वेगवेगळी देणगी असते. म्हणजे ज्या चाचणीचा जन्म वेगळ्या माणसाला घरात सामावून घेण्यासाठी झाला, तिच्या आधारावर तुम्ही चूल वेगळी मांडायला निघाला आहात. ‘वाईट जोड्यां’चे तक्ते नंतर नेटवर लोकांनी काढले. आजही मूळ चाचणीचे प्रकाशक सांगतात की नोकरीवर कोणाला घ्यायचं हे तिच्यावरून ठरवू नका. आणि फुकटात फिरणाऱ्या चाचण्या बहुधा ती मूळ चाचणी नसतातच.

या चाचणीत एक मोठी अडचण आहे. माणसं दोन पेट्यांत बसत नाहीत. उंची मोजली तर जशी बहुतेक माणसं मधल्या उंचीची निघतात, तसेच अंतर्मुख-बहिर्मुख मोजायला गेलं तर बहुतेक लोक मध्येच सापडतात. चाचणी मात्र मध्ये एक रेघ ओढते आणि रेघेच्या या बाजूला एक अक्षर, त्या बाजूला दुसरं. त्यामुळे रेघेच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या दोघांना उलटी अक्षरं मिळतात आणि काही आठवड्यांनी परत चाचणी दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. युंग यांनीच म्हटलं होतं की निखळ अंतर्मुख किंवा निखळ बहिर्मुख माणूस असत नाही. आपल्याकडे सत्त्व, रज, तम म्हणतो आपण. त्याचीही लोकांनी लेबलं केली. पण गीतेच्या चौदाव्या अध्यायातला दहावा श्लोक काढून पाहा. रज-तमाला दाबून सत्त्व वर येतं, सत्त्व-तमाला दाबून रज, सत्त्व-रजाला दाबून तम. तिन्ही एकाच माणसात, कधी एक वर तर कधी दुसरा.

मग स्वभाव म्हणून काही नसतोच का? असतो. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ उगीच म्हणत नाहीत. संशोधक आता बहुतेक करून पाच पट्ट्यांवर स्वभाव मोजतात: नव्याची ओढ, नेटकेपणा, लोकांत मिसळण्याची आवड, सांभाळून घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्वस्थता. प्रत्येक पट्टीवर आपण कुठेतरी कमी-जास्त असतो. दादा नेटकेपणाच्या पट्टीवर तुमच्या वर असतील आणि नव्याच्या ओढीत तुम्ही त्यांच्या वर असाल, हे मला सहज मान्य आहे. पण शोरूम काढायचं की नाही, याचं उत्तर त्यावरून निघत नाही.

ते का, हे तुमच्याच पत्रात आहे. दादा बदल नको असणारे, सावध, संथ, असं तुम्ही लिहिता. आणि लगेच लिहिता की तांबं उतरलं की पाच मिनिटांत माल उचलतात. संथ माणूस हे करत नाही. वायरचा भाव तांब्यावर चालतो, दोन दिवसांनी कंपनीचा नवा दर आला तर अंगावर पडेल की हातात राहील, हे दादांच्या बोटांत बसलेलं आहे. तिथे ते झपाट्यानं ठरवतात, लाखाचा माल उचलतात आणि कोणाला विचारत नाहीत. मग तेच दादा 18 लाखांच्या कर्जापुढे ‘बघू’ का म्हणतात?

वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्याच्या सहकाऱ्यांबरोबर त्यानं उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं आठवडेच्या आठवडे निरीक्षण केलं. दोन मुलं, दोघंही सरासरीनं सारखीच भांडखोर. नीट पाहिलं तर एक मुलगा सोबत्यांनी चिडवलं की अंगावर जायचा आणि मोठ्यांनी रागावलं तर गप्प. दुसऱ्याचं बरोबर उलटं. दोघांना ‘रागीट’ म्हटलं की विषय संपतो आणि हातात काहीच येत नाही. ‘कधी रागावतो?’ विचारलं की मूल कळायला लागतं. तुम्ही ‘दादा कसा आहे’ विचारत आहात. ‘दादा कधी झटकन ठरवतो आणि कधी अडतो’, असं विचारून पाहा.

आता तो कंस.

तुमच्या दोन पानी पत्रात पूर एकदाच आला आहे, तोही कंसात, एका वाक्यात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 आहे. तुमच्या पेठेत पाणी काही तास नव्हतं, दिवसेंदिवस होतं. कापडवाल्याचा माल धुवून निदान पोत्याच्या भावानं जातो. इलेक्ट्रिकलच्या दुकानात काय उरतं? मोटारीच्या वाइंडिंगमध्ये गाळ गेला की ती नवी म्हणून विकता येत नाही. स्विच, एमसीबी, पंख्याचे कपॅसिटर, सगळं भंगार. खोके इतके फुगतात की कपाटातून ओढले तर हातात लगदा येतो. हे मी बघितलं आहे. त्या वर्षी पूरग्रस्त भागात समुपदेशनाला मी काही दिवस होते. एका दुकानदारानं मला त्याची उधारीची वही दाखवली होती. पानं वाळवायला दोरीवर टाकली होती, शाई पसरून सगळी निळी झालेली. कोणाकडे किती येणं आहे ते त्याला त्या पानांवरून आता कधीच कळणार नव्हतं, तरी तो रोज ती पानं उलटत होता.

तुमच्या दादांनी ते सगळं एकट्यानं केलं. वडील तीन वर्षांपूर्वी गेलेले, धाकटा भाऊ पुण्यात, येण्याचे रस्ते बंद. यात तुमचा दोष नाही आणि मला तो दाखवायचाही नाही. पण तुम्ही तिथे नव्हता, म्हणून तुम्हाला जे ‘टाइप’ दिसतं ते कदाचित गाळ उपसलेल्या माणसाचं शहाणपण आहे. कोयनेचा विसर्ग वहीत लिहिणं हा तपशिलात अडकणारा स्वभाव नाही हो. कोयनेतून किती पाणी सुटलं की आपल्या पायरीशी कधी येईल, याचा तो हिशोब आहे. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा दादांनी काय केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. विचारून पाहा. माझा अंदाज आहे की माल आधीच वर गेला होता.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि स्वतःच्या वागण्याचं परिस्थितीत, ही माणसाची जुनी खोड आहे. तिच्या पहिल्या भागाला, दुसऱ्याच्या बाबतीत परिस्थिती विसरून स्वभावाकडेच बोट दाखवण्याला, ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये नाव दिलं आणि नंतर ते सगळीकडे शिकवलं गेलं. तुम्ही नोकरी सोडलीत ती ‘आईची तब्येत, घरची ओढ’ यामुळे, असं पत्राच्या सुरुवातीला सांगता. दादा ‘बघू’ म्हणतात ते मात्र त्यांचा टाइपच तसा म्हणून.

‘तो डोक्यानं ठरवतो, मी मनानं’ हे वाक्यही मला पटलं नाही. तुम्ही दादांपुढे लॅपटॉप ठेवलात, पाच वर्षांच्या विक्रीचा अंदाज मांडलात, कर्जाचे हप्ते काढलेत. ते डोकं होतं. दादांचा नकार मात्र पोटातून आला असणार. आणि पोटातून येणं कमीपणाचं नाही. मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दामासिओ यांनी आपल्या एका रुग्णाची हकिकत लिहिली आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, बुद्धी शाबूत, पण भावना जाणवणं जवळपास थांबलेलं. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा सुचवल्या. डायरी उघडून तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे सांगत बसला. आधीची कामं, हवामान, काय काय. शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सांगितली. ‘चालेल’ म्हणाला आणि उठून गेला. भावना बाजूला काढली की माणूस जास्त शहाणा होत नाही, त्याला साधी तारीख ठरवता येत नाही. तुम्ही दोघंही डोकं आणि मन दोन्ही वापरता. फक्त तुमचं मन पुढे काय होईल त्याकडे ओढतं आणि दादांचं, मागे काय झालं त्याकडे.

नुकसानीचा चटका नफ्याच्या आनंदापेक्षा साधारण दुप्पट लागतो, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आलं. 1979 चा त्यांचा शोधनिबंध आजही सगळ्यात जास्त संदर्भ दिल्या जाणाऱ्यांपैकी आहे. तो चटका एकदा प्रत्यक्ष बसलेल्या माणसापुढे तुम्ही तीनदा फक्त नफा मांडलात.

आणि इथे मला तुमच्या पत्रातली सगळ्यात हळहळण्यासारखी गोष्ट दिसते. विश्रामबाग उंचावर आहे. तुमच्या पेठेत पाणी शिरतं तेव्हाही तिकडचा माल कोरडा राहण्याची आशा असते. म्हणजे दादांना वर्षानुवर्षं जी भीती आहे तिचं उत्तर तुमच्याच योजनेत पडलेलं आहे आणि तुम्ही त्याचा उच्चारही केला नाहीत! शोरूम, ब्रँड, नवं गिऱ्हाईक, मोबाइलवरचे स्विच, सगळं सांगितलंत. ‘दादा, जुलै-ऑगस्टमध्ये आपला माल तिकडे ठेवता येईल’, हे सांगितलं नाहीत. चार अक्षरांनी तुम्हाला इतकं पक्कं उत्तर दिलं की हा प्रश्न विचारायची गरजच तुम्हाला वाटली नाही. टाइपांबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. काही वर्षं मीही कंपन्यांच्या प्रशिक्षणांत असे तक्ते वापरले, आणि पाहिलं की लोक तक्ता बघून सुरुवातीला एकमेकांशी बोलायला लागतात ते फार छान असतं. महिन्याभरानं मात्र ‘तो तसलाच आहे’ म्हणून बोलणं थांबतं.

तेव्हा आता काय करायचं?

लॅपटॉप काही दिवस बंद ठेवा. शोरूमचं नाव न काढता दादांकडून 2019 ऐका. काय काय गेलं, कोण मदतीला आलं, कोणत्या व्यापाऱ्यानं थांबून घेतलं आणि कोणी तगादा लावला, कर्ज होतं का, विम्याचे पैसे मिळाले का, वहिनींचं सोनं मोडलं का. मध्ये उपाय सांगू नका. हे एका बैठकीत होणार नाही. त्या काळाबद्दल माणसं तुकड्यातुकड्यानं बोलतात.

मग योजना नव्यानं लिहा आणि या वेळी पहिल्या पानावर पाणी घ्या. जूनच्या सुरुवातीला कोणता माल कुठे जाणार. पाणी आलं तर जुनं दुकान किती दिवस बंद धरायचं आणि त्या दिवसांत हप्ता कुठून भरायचा. विम्यात पूर धरला आहे का, किती रकमेपर्यंत, दोन्ही जागांना लागू आहे का. एजंटकडून तोंडी ऐकू नका, लेखी घ्या. 18 लाख एकदम घ्यायलाच हवेत का, हाही विचार करा. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तिकडे नुसतं गोदाम भाड्यानं घेतलं आणि पुढच्या भागात दोन शेल्फांवर दिवे मांडले तर? फसलं तर भाडं जाईल, घर जाणार नाही. परत फिरता येईल अशा निर्णयाला सावध माणूसही लवकर हो म्हणतो. दिवाळीच्या विक्रीत काय ते कळेलच.

‘बघू’चंही बघायला हवं. आपल्याकडे हा शब्द फार कामाचा आहे. नाही म्हणायचं नसतं तेव्हा बघू, हो म्हणायचं पण घाई नको तेव्हा बघू, आणि मला अजून समजलेलं नाही हे कबूल करायचं नसतं तेव्हाही बघूच. तुमच्या दादांचा कोणता, हे तुम्ही तीनदा गृहीत धरलंत. पुढच्या वेळी हळूच विचारा, ‘काय झालं म्हणजे बघायचं, दादा? आणि कधी बसायचं?’ तारीख मिळाली तर ती कॅलेंडरवर दोघांना दिसेल अशी लिहा. अट मिळाली तर आणखी चांगलं, ती पुरी करता येते.

आणखी एक रीत आहे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं ती लोकप्रिय केली. निर्णय घेण्याआधी समजायचं की दोन वर्षं गेली आणि शोरूम बुडालं. का बुडालं, हे तुम्ही, दादा आणि वहिनी, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं आणि मग एकत्र वाचायचं. वहिनींना यात नक्की घ्या. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही, पण घर एक आहे तर कर्ज त्यांच्याही डोक्यावर आहे. या रीतीत सावध माणसाला ‘तू नेहमी मोडताच घालतोस’ असं ऐकावं लागत नाही, कारण मोडता घालणं हेच त्या दिवशी सगळ्यांचं काम असतं.

तुमच्याबद्दलही थोडं बोलते. ‘हिशोब माझा प्रांत नाही, ते टाइपमध्येच आहे.’ हे वाक्य मला काळजीत टाकतं. 18 लाखांचं कर्ज मागणाऱ्या माणसाला ते म्हणता येणार नाही. दादा ‘बघू’ म्हणताना कदाचित हेच बघत असतील की धाकटा उधारीच्या वसुलीला बसतो का. तीन महिने खतावणी तुम्ही घ्या. कोणता वायरमन कधी पैसे देतो, कोणता बिल्डर सहा महिने फिरवतो, ते तुम्हाला कळू द्या. तुमचा उत्साह, गिऱ्हाइकाशी दोन मिनिटांत ओळख काढण्याची हातोटी, हे दुकानाला हवंच आहे, त्यात शंका नाही. पण स्वभावात नाही म्हणून शिकत नाही, हे कारण चार अक्षरांनी तुमच्या हातात फार सहज दिलं. ते परत करा.

वाटणीचा प्रश्न उरतो. वाटणी म्हणजे पाप नव्हे. गोडीनं वेगळे झालेले आणि सणाला एकत्र जेवणारे भाऊ मी पाहिले आहेत आणि एकाच गल्ल्यावर बसून वर्षभर न बोलणारेही. हे सगळं मनापासून करूनही दिवाळीपर्यंत दारच उघडलं नाही, तर वेगळं होण्याचा विचार जरूर करा. तेव्हा कारण हे असेल की दोघांना दुकान दोन दिशांना न्यायचं आहे. अक्षरं जुळत नाहीत, हे कारण नको. आणि हे नुसतं दोन भावांचं नाही, हेही ध्यानात घ्या. जागा वडिलांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आईचा हिस्सा आहे, बहीण असेल तर तिचाही. वकिलाकडे जाण्याआधी आईशी बोला. वाटणी करा अगर करू नका, एक काम लगेच करा: भागीदारीपत्र. कोणी किती रकमेपर्यंत एकट्यानं ठरवायचं आणि रक्कम त्याहून मोठी असेल तर दोघांच्या सह्या, हे त्यात लिहा. दादा तांबं तुम्हाला न विचारता उचलतात याचा सल तुमच्या पत्रात आहे, तो टाइपाच्या वर्णनाखाली दडला होता. तो सरळ बोला.

अशीच पत्रं मला आणखी येतात. एका आईनं लिहिलं की मुलगी अंतर्मुख आहे तर वकिली नको ना? एका टीम लीडरनं विचारलं की अमुक टाइपच्या मुलाला जबाबदारी द्यावी का. दोघांनाही माझं सांगणं तेच. चाचणी द्यायची असेल तर ज्याची त्यानं स्वतः द्यावी, निकाल त्यानंच इतरांना सांगावा, आणि समोरच्यानं त्यावर एकच प्रश्न विचारावा: ‘हे तुला कधी लागू पडतं आणि कधी नाही?’ त्या मुलीला वर्गात बोलायला नको वाटतं की अनोळखी माणसांसमोर, की फक्त तयारी झालेली नसते तेव्हा? कोर्टात तयारीला फार किंमत असते.

दादाला बदलता येईल का, असं तुम्ही विचारलं होतं. मला त्याचं उत्तर माहीत नाही आणि आज त्याची गरजही दिसत नाही. मला त्या भिंतीवरच्या रेघेबद्दल ऐकायचं आहे. ती किती उंचीवर आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. खांद्याशी येते की डोक्याच्या वर? उद्या शटर अर्धं ओढल्यावर चहा सांगा, दोन स्टूल त्या भिंतीपाशी घ्या आणि दादांना विचारा, ‘ही रेघ तू का राखलीस रे?’